पाच सालची खूण: शिरोळमधलं एक घर, दोन महापूर आणि विम्याचे कागद

माझ्या मामांच्या घराच्या जोत्यावर, उंबऱ्याच्या बरोबर एक फूट खाली, छिन्नीने पाडलेली एक आडवी खूण आहे. २००५ च्या महापुरात पाणी तिथवर चढलं, रात्रभर थांबलं आणि उतरलं. पुढची चौदा वर्षं ही खूण घरातला शेवटचा शब्द होती. नदीला पाणी आलं, शेजारीपाजारी सामान बांधायला लागले, की मामा जोत्याकडे बोट दाखवायचे. २०१९ च्या ऑगस्टमध्येही त्यांनी तेच केलं. "पाच सालाला उंबऱ्याला लागलं न्हाई, आता काय लागतंय?" दोन दिवसांनी घरात तीन फूट पाणी होतं आणि ते नऊ दिवस हललं नाही.

शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या पलीकडच्या काठावरच्या गावांपैकी एका गावातलं हे घर. मामांना विचारूनच लिहिते आहे. गावाचं आणि विमा कंपनीचं नाव मात्र गाळलं आहे. २०१९ आणि २०२१, या दोन्ही पुरांनंतरची कागदपत्रं मीच सांभाळली, म्हणून हे प्रकरण मला आतून माहीत आहे. ते सविस्तर लिहिण्याचं कारण म्हणजे या पट्ट्यात अशी हजारो घरं आहेत आणि जवळपास प्रत्येकाच्या मनात अशी एखादी खूण आहे.

पाणी येतं कुठून

शिरोळ तालुका नकाशावर पाहिला की पहिल्यांदा नद्याच दिसतात. उत्तरेला हरिपूरजवळ वारणा कृष्णेला मिळते. खाली नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते. राजापूर बंधाऱ्यापुढे कृष्णा कर्नाटकात जाते आणि तिथे तिला दूधगंगेचं पाणी मिळतं. कोयना, चांदोली आणि राधानगरी या तिन्ही धरणांचं सोडलेलं पाणी, शिवाय धरणांखाली पडलेला सगळा पाऊस, इथेच एकत्र येतो. जमीन सपाट आणि काळी. त्यामुळे पाणी इथे धावत येत नाही, फुगत येतं. डोंगरातल्या पुरासारखा लोंढा नसतो. तासाला काही बोटं चढतं, आणि म्हणूनच माणूस "अजून वेळ आहे" म्हणत बसून राहतो.

बाहेरच्यांना न कळणारी गोष्ट म्हणजे गावात पाणी नदीकडून शिरत नाही, ओढ्यातून मागून येतं. नदीची पातळी वाढली की ओढ्याचं पाणी उलटं फिरतं, आधी ओढ्यावरचा पूल बुडतो, मग रस्ता तुटतो. गाव अजून कोरडं असतं, पण त्याचं बेट झालेलं असतं. आमच्या गावात रस्ता तुटणं आणि घरात पाणी येणं यांच्यात २०१९ ला साधारण दोन दिवस गेले. लोक मोजतात ते घरातलं पाणी. जनावरं आणि वाहनं बाहेर काढायची मुदत मात्र रस्ता तुटतो तेव्हाच संपलेली असते.

दुसरी गफलत आकड्यांची. पावसाळ्यात सगळ्यांच्या मोबाइलवर दोन आकडे फिरत असतात. एक कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याचा, जिथे ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. दुसरा सांगलीच्या आयर्विन पुलाचा, जिथे ४० ला इशारा आणि ४५ ला धोका. आता गंमत नाही, गोंधळ बघा. आयर्विन पूल हरिपूरच्या संगमाच्या वर आहे, म्हणजे वारणेचं पाणी त्या आकड्यात नाहीच. राजाराम बंधारा पंचगंगेवर आणि आमच्यापासून बराच वर. कृष्णा भरलेली असली की नृसिंहवाडीला पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबतं. त्यामुळे "कोल्हापूरला पाणी उतरायला लागलं" ही बातमी येते तेव्हा आमच्याकडे पाणी चढतच असतं. २०१९ ला मामांनी ही बातमी ऐकूनच दुकानातला माल माळ्यावर चढवायचा थांबवला.

गावातल्या जुन्या माणसांची खूण याहून बरी होती असं मला वाटतं. नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात दक्षिणद्वार सोहळा झाला, म्हणजे पुराचं पाणी मंदिरातून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडलं, दत्तांची उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात हलवली, की मळ्यातल्या मोटारी काढायच्या. हे मोजमाप संगमावरचंच, आपल्याच पाण्याचं. फक्त ते मळ्यापुरतं होतं. घरापुरतं मोजमाप कोणी केलं नव्हतं.

इथे अलमट्टीचा, म्हणजे कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या धरणाचा, ज्याच्या फुगवट्याने आमच्याकडे पाणी तुंबतं असं गावाचं म्हणणं आहे, उल्लेख केला नाही तर गावातलं कोणीही हा मजकूर अर्ध्यात सोडेल. अलमट्टीची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर आहे आणि ती ५२४.२५६ पर्यंत नेण्याच्या प्रस्तावावर दोन राज्यांचं भांडण चालू आहे. २०१९ नंतर राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने त्या पुराचं मुख्य कारण म्हणून अलमट्टीकडे बोट दाखवलं नाही. गावोगाव ते पटलेलं नाही. हा वाद महत्त्वाचा आहे आणि तो लढला पाहिजे. पण गेली कित्येक वर्षं आमच्या पारावरची पुराची सगळी चर्चा अलमट्टीपासून सुरू होऊन अलमट्टीलाच संपते आणि "माझ्या उंबऱ्याला पाणी किती फुटांना लागतं" हा प्रश्न निघतच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

२०१९: काय गेलं, काय मिळालं

मामा-मामी, आजी आणि दोन म्हशी बोटीने आणि ट्रॉलीने एका साखर कारखान्याच्या आवारातल्या छावणीत पोचले. माणसं वाचली, जनावरं वाचली. परत आल्यावर घराची मागची भिंत, जी जुन्या पांढऱ्या मातीची होती, परड्यात पडलेली होती. फ्रिज उलटा तरंगून दारात अडकलेला. सोप्यातल्या किराणा दुकानात साखर विरघळून गेलेली, डाळी फुगून पोती फाटलेली. तो वास मला अजून आठवतो. खाली मळ्यात दोन एकर ऊस होता. उसाचा शेंडा पाण्याबाहेर राहिला तर ऊस तग धरतो. पोंग्यात गाळाचं पाणी बसलं की आतून कुजतो. आमचा शेंड्यासकट बुडाला होता.

मामांना वाटत होतं की आपला विमा आहे. एक नाही, तीन. म्हणून मी तिन्ही कागद सोप्यात पसरून वाचायला बसले.

पहिला दुकानाच्या मालाचा. दुकानावर बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे मालावर मिळणारं खेळतं कर्ज होतं, म्हणून बँकेनेच काढून दिलेला. तेव्हा चालणाऱ्या आगविम्याच्या पॉलिसीत वादळ, पूर, जलमय होणं हे धोके मुळात धरलेले असायचे, पण ते वगळून घेतले तर हप्ता थोडा कमी व्हायचा. मामांच्या पॉलिसीत एका ओळीत ते वगळलेले होते. ती ओळ इंग्रजी आद्याक्षरांत होती. मामांना कोणी विचारलं नव्हतं, समजावलं नव्हतं. सही मात्र त्यांची होती. दावा नाकारला गेला. कृष्णेच्या काठावरच्या दुकानाचा विमा आणि त्यातून पूरच काढलेला! वर्षाला काही रुपये वाचवून.

दुसरा मामेभावाच्या चारचाकीचा. तो सर्वसमावेशक होता, नुसता तृतीयपक्षी नव्हता, त्यामुळे पुराचं नुकसान त्यात बसत होतं. पण पाणी ओसरल्यावर गाडी सुरू होते का बघायला दादाने चावी फिरवली. इंजिनात पाणी गेलेलं असताना ते फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतात, आणि विमा कंपनी म्हणते की हे पुराने झालं नाही, तुम्ही केलं. आसनं, वायरिंग, साफसफाई याचे पैसे आले. इंजिनाचे आले नाहीत. इंजिन संरक्षणाचं वेगळं जोडकलम घेतलेलं असतं तर गोष्ट वेगळी असती. नसेल तर गाडी ढकलून नाहीतर ओढून गॅरेजला न्यायची, चावीला हात लावायचा नाही, एवढंच हाती असतं.

तिसरा पीकविमा. मामा म्हणाले, "सोसायटीतनं कापलेत की पैसे." कापले होते ते सोयाबीनचे. महाराष्ट्रात पंतप्रधान पीकविमा योजनेच्या अधिसूचित पिकांत ऊस नाही. ज्या तालुक्याचं सगळं अर्थकारण उसावर चालतं, तिथे पूर आला की सगळ्यात मोठं नुकसान विम्याच्या बाहेर असतं. हे कुणाच्या चुकीने घडलेलं नाही, योजनेची रचनाच तशी आहे. पण ते आधी कळलं असतं तर मामांनी नदीकाठच्या तुकड्यासाठी कर्ज काढून ठिबक घातलं नसतं.

घराचा विमा नव्हताच. गावात कुणाचाच नव्हता.

मग सरकारी मदत. ग्रामीण भागातल्या कुटुंबाला तातडीचे १०,००० रुपये मिळाले, पडझडीची आणि पिकाची रक्कम वेगळी. ती मिळाली याबद्दल मामा कृतज्ञ आहेत, मीही आहे. पण ही मदत म्हणजे भरपाई नव्हे, हे आकड्यांतच दिसतं. आपत्ती प्रतिसाद निधीचे २०२२ मध्ये सुधारलेले निकष बघा. सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० रुपये, अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५००, कच्च्याला ४,०००. कपड्यांना २,५००, भांड्यांना २,५००. बागायती पिकाला हेक्टरी १७,०००, तेही दोन हेक्टरपर्यंत आणि नुकसान ३३ टक्क्यांवर असेल तर. एक मागची भिंत ६,५०० मध्ये उभी राहत नाही.

उंबरा मोजला

२०२० च्या पावसाळ्याआधी, टाळेबंदीत मी गावातच अडकले होते. त्या दिवसांत आम्ही केलेलं काम या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात उपयोगी काम ठरलं, आणि त्याला खर्च शून्य आला.

गवंडी पातळी काढायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात. ती आणली. शाळेच्या भिंतीवर २०१९ ची ओल अजून स्पष्ट होती. तिथून नळी टप्प्याटप्प्याने ओढत आमच्या घरापर्यंत आणली. मग ओढ्याच्या पुलापर्यंत, मग गोठ्यापर्यंत. मामांच्या डायरीत २०१९ च्या पाण्याच्या वेळा होत्या: पूल कधी बुडाला, परड्यात कधी आलं, उंबऱ्याला कधी लागलं. मी जुनी वर्तमानपत्रं काढून त्या-त्या वेळचे राजाराम बंधारा, अंकली पूल आणि राजापूर बंधाऱ्याचे आकडे समोर लिहिले. अंकली आणि राजापूर मुद्दाम घेतले, कारण अंकली वारणेच्या संगमाच्या खाली आहे आणि राजापूर आमच्या खाली. दोन पानांचं टिपण झालं. त्यातून कळलं की आमच्या घराला खरा इशारा राजापूर देतो. तिथलं पाणी चढत असेल तर कोल्हापुरात काहीही झालं तरी आमचं उतरत नाही.

पाटबंधारे खात्याच्या कार्यालयात पूररेषांचा नकाशाही पाहून आलो. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तिच्या आत बांधकामाला मनाई. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची, दोन्हींच्या मधे अटींवर परवानगी. आमचं घर मधल्या पट्ट्यात.

"शंभर वर्षांतून एकदा" हे शब्द ऐकून मामांचा चेहरा उजळला. "म्हणजे पोरी, एकोणीसला येऊन गेला. आता तुझ्या नातवंडांपर्यंत निवांत."

हा समज फक्त मामांचा नाही. खूप शिकलेल्या माणसांनाही तसंच वाटतं, कारण शब्दच फसवे आहेत. त्याचा अर्थ असा की दरवर्षी, नव्याने, शंभरात एक शक्यता. गेल्या वर्षी आला होता का, याच्याशी तिचा संबंध नाही. मी मामांना गोट्यांचं उदाहरण दिलं: पिशवीत शंभर गोट्या, एक लाल, दर पावसाळ्यात हात घालायचा, गोटी बघायची आणि परत पिशवीतच टाकायची. तीस वर्षं हे केलं तर एकदा तरी लाल निघण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. निळ्या रेषेवरच्या घराला तोच हिशेब ७१ टक्क्यांवर जातो. आणि हे जुन्या पावसाच्या नोंदींवरून काढलेलं गणित आहे, पाऊस बदलतो आहे तो भाग वेगळाच.

घराचा विमा

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने सगळ्या संबंधित कंपन्यांना घरासाठी एकाच नमुन्याची पॉलिसी देणं बंधनकारक केलं: भारत गृह रक्षा. पूर आणि जलमय होणं त्यात मुळातच धरलेलं आहे. आमच्यासाठी ही मोठी गोष्ट होती. अमेरिकेत उलटं आहे. तिथे घराच्या नेहमीच्या विम्यात पूर नसतोच. बहुतेक वेळा १९६८ साली सुरू झालेल्या सरकारी योजनेतून तो वेगळा घ्यावा लागतो, आणि घेतल्यावर साधारणपणे तीस दिवसांनी लागू होतो. २०२५ च्या ४ जुलैला टेक्सासमधल्या केर काउंटीत ग्वाडालुपे नदीच्या पुरात शंभराहून जास्त माणसं गेली तेव्हा या ग्रामीण भागातल्या बहुतेक घरांना तो वेगळा विमा नव्हता. आपल्याकडे वेगळा घ्यावा लागत नाही, फक्त घराचा घ्यावा लागतो. पण तोच कोणी घेत नाही.

रक्कम ठरवताना आमचा पहिला वाद झाला. मामा म्हणत होते घराची किंमत वीस लाख. त्यात जागेची किंमत होती. पुरात जागा वाहून जात नाही. विमा पुन्हा बांधायच्या खर्चाचा. ९०० चौरस फूट, गावातला तेव्हाचा दर चौदाशे रुपये, म्हणजे १२ लाख ६० हजार. या पॉलिसीत घरातल्या सामानाला घराच्या रकमेच्या २० टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. आमचे झाले २ लाख ५२ हजार. शिवाय जुन्या पॉलिसींतली सरासरीची अट, म्हणजे निम्म्या किमतीचा विमा असेल तर नुकसानीचेही निम्मेच पैसे, ती यात लावत नाहीत. वर्षाचा हप्ता मामांच्या एका म्हशीच्या महिन्याच्या पेंडीपेक्षा कमी आला. मामी म्हणाल्या, "एवढ्यासाठी आपण चौदा वर्षं जोत्याकडं बघत बसलो?"

एजंटाने सुचवलं की सोप्यातलं दुकान दाखवू नका, सगळं राहतं घर सांगा. आम्ही ऐकलं नाही, आणि ते बरं झालं. दुकानाला लहान उद्योगांची वेगळी पॉलिसी असते, भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा, ती घेतली. मागची भिंत मातीची होती, ती आता विटांची आहे हेही फोटोसह लिहून दिलं. म्हशी, वाहन आणि रोख रक्कम घराच्या विम्यात येत नाहीत. म्हशींचा वेगळा काढला, कानातल्या बिल्ल्यासह. बिल्ला पडला तर दावा अडतो, म्हणून बिल्ल्याचे आकडे डायरीत.

हे सगळं जूनमध्ये झालं. महिन्याभराने, २०२१ च्या जुलैच्या चौथ्या आठवड्यात, राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५६ फुटांवर गेलं.

२०२१

या वेळी मामांनी जोत्याकडे पाहिलं नाही. टिपणाकडे पाहिलं. ओढ्याचा पूल बुडायच्या आदल्या संध्याकाळी म्हशी आणि गाडी जयसिंगपूरला पाहुण्यांकडे पोचली होती. दुकानातला बहुतेक माल माळ्यावर. निघताना दादाने प्रत्येक खोलीचा, वीजमीटरचा आणि दुकानाच्या फळ्यांचा व्हिडिओ काढला.

घरात दीड फूट पाणी आलं. परत गेल्यावर मामी सवयीने झाडू घेऊन पुढे झाल्या, त्यांना मी हात धरून थांबवलं. आधी भिंतीवरच्या ओल्या रेषेचे फोटो, टेप धरून. मग कंपनीला फोन, दाव्याचा नंबर वहीत. मग झाडू. तलाठी आणि ग्रामसेवकांचा पंचनामा झाला तेव्हा शेजाऱ्यांना वाटलं की झालं काम. पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. विम्यासाठी कंपनीचा सर्वेअर वेगळा येतो, आणि त्याला पंचनाम्याची प्रत दाखवली तर त्याचं काम सोपं होतं, इतकंच. आमच्याकडे तो बाराव्या दिवशी आला. तोवर घाण तुंबवून ठेवणं अशक्य होतं, म्हणून फुगलेली दारं आणि भिजलेली गादी परड्यात रचून ठेवली होती. त्याने ती मोजली.

अडीच महिन्यांनी पैसे आले. गिलावा, दारं, वायरिंग, पंप आणि फ्रिज यांचा खर्च जवळपास सगळा निघाला. गहू-तांदळाच्या कणग्यांबद्दल वाद झाला, कारण पावती नव्हती. घरच्या धान्याची पावती कोण ठेवतं? ते सोडून दिलं. लढायचं असतं तर नियामकाचं तक्रारींचं संकेतस्थळ (आता त्याचं नाव बिमा भरोसा) आणि त्यानंतर विमा लोकपाल, दोन्ही दारं बिनखर्चाची होती.

ऊस पुन्हा गेला. त्याला आजही उत्तर नाही. मामांनी नदीकाठच्या तुकड्यात आता पावसाळ्याआधी निघणारी पिकं आणि वैरण घेतली आहे. ऊस वरच्या तुकड्यात. पीकविम्याचे नियम दर काही वर्षांनी पालटतात. २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा आला, २०२५ ला तो गेला, आणि स्थानिक आपत्तीत शेतातल्या नुकसानीची वैयक्तिक भरपाईही त्याच वेळी वगळली गेली. म्हणून पेरणीच्या आधी त्या हंगामाचा शासन निर्णय मी स्वतः वाचते आणि मामांना फोनवर सांगते.

गावातल्या अकरा घरांनी त्यानंतर नळी ओढून उंबरे मोजले. विमा त्यातल्या चौघांनी घेतला. बाकीच्यांची घरं आजोबांच्या नावावर आहेत, वाटण्या झालेल्या नाहीत, आणि पॉलिसी कुणाच्या नावाने काढायची यावर घरात बोलणंच होत नाही. पुढच्या सुट्टीत त्यांच्याबरोबर तलाठी कार्यालयात जायचं ठरलं आहे.

मामांच्या घरावर आता तीन खुणा आहेत, दोन उंबऱ्याच्या वर, चौकटीच्या दगडावर. तिसरी पाडताना मामांनी छिन्नी माझ्या हातात दिली. शेजारी त्यांनी रंगाने राजापूरचा आकडा लिहून घेतला आहे, ज्याला म्हशी बाहेर काढायच्या.